अणूचं भांडण घेऊन काशीला

काशीला माणूस पुण्य मिळवायला जातो, पाप धुवायला जातो, गेलाबाजार कचौडी खायला जातो. आम्ही अणूवरून भांडायला गेलो. आम्ही म्हणजे मी, सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई, आणि माझे बाबा वसंतराव. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त, तोंड मात्र अजून नोकरीवर आहे.

भांडणाची दुसरी बाजू काशीत राहते. माझा मामा, ब्रह्माघाटावरच्या जुन्या मराठी घराण्यातला, आयुष्यभर दर्शनं शिकवलेला शास्त्री. माझी आई, कुमुद, त्याची एकुलती धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मामानं फोनवर सांगितलं, अस्थी काशीला आणा. बाबा म्हणाले, "पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. गंगेत काय, कृष्णेत काय." आणि कृष्णेत विसर्जन करून मोकळे झाले. मामा म्हणाला, दोनशे वर्षांत तुमच्या विज्ञानाला अणूचं एक चित्र धड काढता आलं नाही, पाच वेळा बदललंत. आमच्या वैशेषिक दर्शनवाल्यांनी अणू केव्हाच सांगून ठेवलाय. बाबा म्हणाले, "सांगितलं आणि झोपले." तेव्हापासून अबोला. दोन शिकलेले म्हातारे अणूवरून बोलत नाहीत हे ऐकून लोक हसायचे, आणि त्यांच्यात मीही होते.

यंदा जानेवारीत मामीचा फोन आला. "ह्यांचं हार्ट फार कमजोर झालंय गं. डॉक्टर म्हणाले, जादा उम्मीद ठेवू नका. वसंतरावांना म्हणावं, एकदा येऊन जा."

"मी? काशीला? अजिबात नाही," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कानटोपी शोधत होते.

सोबत त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली. नऊ वर्षं खपून लिहिलेलं वैशेषिकांचं खंडन, मुद्देसूद, लाल शाईनं अधोरेखित. आजारी मेहुण्याला भेटायला जाताना लोक सफरचंदं नेतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सांगलीहून पुण्यापर्यंत एसटी, पुढे रेल्वे. वेळापत्रक सव्वीस-सत्तावीस तास म्हणतं. जानेवारीत धुक्याचे आणखी सहा धरा, त्यांचं वेगळं तिकीट पडत नाही. दशम्या घरून न्या. बनारसच्या स्टेशनवरून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा मिळते, माणशी वीस-तीस रुपये. कानटोपीतला मराठी माणूस दिसला की दोनशे. पुढे गल्ल्यांतून पायीच जायचं. गाय समोर आली तर रस्ता तिचा, हे आधीच मान्य करून टाका.

मामीनं दार उघडलं. "किती लेट झाली गाडी! पहले चाय घ्या, मग नहाणं-बिहाणं."

मामा तखतावर शाल गुंडाळून बसला होता. एवढासा झाला होता. बाबा दारातच थांबले.

"काय शास्त्रीबुवा."

"या, मास्तर."

नऊ वर्षांनंतर हे एवढंच. मग दोघे तासभर रेल्वेच्या उशिरावर बोलले. त्या विषयावर त्यांचं कमालीचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी मामीनं आम्हाला फिरायला पिटाळलं. चौकात मलइयो खा. थंडीच्या दिवसांतच मिळतो. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस. कुल्हडभर खाल्ला तरी पोटाला खबर नसते. अणूसारखाच, जवळजवळ सगळा रिकामा, आणि पैसे मात्र भरलेल्या कुल्हडाचे. बाबांनी तीन खाल्ले आणि दूध फेटण्यामागचं रसायनशास्त्र दुकानदाराला फुकट सांगितलं.

ब्रह्माघाटावरून दशाश्वमेधपर्यंत नाव केली. भाव आधी ठरवा, नाहीतर नदीच्या मध्यावर तो आपोआप वाढतो. भोसले घाट आला तसा नावाडी म्हणाला, "ये आप लोगों का है," आणि बाबांनी तो स्वतः बांधल्यासारखी मान हलवली. पुढे मणिकर्णिका. तीन-चार चिता जळत होत्या. नावाडी म्हणाला, "यहाँ जो जला, सीधा मोक्ष."

"कार्बन डायऑक्साईड," बाबा म्हणाले. पण मग त्यांनी कानटोपी काढली, आणि घाट मागे पडेपर्यंत थंडीत तसेच बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वही काढली. मी कपाळाला हात लावला. मामाच्या चेहऱ्यावर मात्र आम्ही आल्यापासून पहिल्यांदा तरतरी आली.

"थांबा," तो म्हणाला. "आमच्याकडे रिवाज आहे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. असं मांडायचं की त्यानं स्वतः मान डोलावली पाहिजे. मगच खंडन. पहले मी मांडतो तुमचं."

आणि त्यानं सुरुवात केली. "वैशेषिकांनी विचार केला, तोलून पाहिलं नाही. दोनशे वर्षांमागे एका इंग्रज मास्तरनं पाहिलं, की पदार्थ ठरावीक वजनातच एकमेकांत मिळतात. म्हणाला, म्हणजे अणू आहेत, आणि ते फुटत नाहीत. शंभर वर्षांनी दुसऱ्यानं त्यातूनच इलेक्ट्रॉन बाहेर काढला. म्हणाला, कलिंगडातल्या बियांसारखे हे आत रुतलेत. त्याच्याच चेल्यानं सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारले, त्यातले काही उलटे फिरले. म्हणाला, गुरुजी, कलिंगड नाही. सगळी जागा खाली आहे, मधे इवलंसं केंद्र. त्याच्या चेल्यानं इलेक्ट्रॉनला कक्षा आखून दिल्या. दहा-बारा वर्षांत त्याही पुसल्या. आता म्हणतात, कण अमुक जागी सापडेल ह्याची फक्त शक्यता सांगता येते."

त्याला धाप लागली. मामी माझ्या कानात म्हणाली, "रद्दीवाल्याकडून सायन्सची किताबं आणवतात. नऊ साल झाले."

हे सगळं मी चार तासिकांत शिकवते आणि समोरचे विचारतात, मॅडम, परीक्षेला येणार का.

मामानं श्वास घेतला. "मी म्हणालो होतो, पाच वेळा बदललं म्हणजे कच्चं. तुमचं म्हणणं उलट. पुरावा आला की चेल्यानं गुरूचं पुसायचं, आणि गुरूनं म्हणायचं, चुकलो. हेच तुमचं बळ. बरोबर मांडलं?"

बाबांनी मान डोलावली. खूप वेळानं.

"आता माझं मांडा."

बाबांनी वही चाळली. दोनशे पानं खंडन होतं, पण मामाचं म्हणणं एकाही पानावर नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि आठवून सांगू लागले. खिडकीच्या उन्हात तरंगतो तो धुळीचा कण दिसण्यातला सर्वांत लहान. त्याचेही भाग आहेत. पण भाग पाडणं कुठेतरी थांबलंच पाहिजे, नाहीतर दोघांचेही भाग अनंत होऊन मोहरी आणि मेरू पर्वत सारखेच ठरतील...

मामानं मान हलवली. "ये नहीं. हे पोथीतलं झालं. माझं सांगा, वसंतराव."

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"तुम्हाला कुमुद घरी यायला हवी होती," बाबा म्हणाले. "ती इथली होती. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. वर पाण्याचं सूत्र शिकवलं."

मामाची मान हलली. तो रडत होता, पण डोलावलीच ती त्यानं.

"आता करा खंडन."

"खंडन नाही," बाबा म्हणाले. "चुकलो मी."

मला रडू आवरलं नाही, लपवत नाही. मामीनं सगळ्यांना पुन्हा चहा केला.

काशीला तीन दिवस पुरतात असं सगळे ब्लॉग सांगतात. आम्ही आठ राहिलो. परत येऊन आता महिना झाला. मामा अजून आहे, आणि रोज सकाळी फोनवर बाबांशी इलेक्ट्रॉनवरून कडाकडा भांडतो. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

परवा फोन ठेवून बाबा स्वयंपाकघरात आले.

"माझ्या वेळी कुठं न्यायचं, कसं करायचं, ते मामाला विचार," ते म्हणाले. "तो नसला तर मामीला."

"आणि तुमचं मत?"

"माझं मत कुमुदच्या वेळी सगळ्यांनी ऐकलं," ते म्हणाले, आणि भाजी निवडायला बसले.