दुसऱ्या समीकरणातला ताळा

मामा गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. शेजारच्या मुलीने विचारलं, "सगळं ठीक?" मी होकारार्थी मान हलवली. मला तेवढंच जमतं...

मामा विश्रांतवाडीत, मराठी शाळेत गणित शिकवायचे. दहावीत मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. माझी शाळा इंग्रजी. त्यांच्या 'क्ष' आणि 'य'ची मला लाज वाटायची, म्हणून मैत्रिणींना क्लास लावलाय असं सांगायचे. मामांना ते कळलं. "एसी तरी होता का क्लासला?" एवढंच म्हणाले. दोन समीकरणं, दोन चलं. वजाबाकी करून एक चल घालवायचं, दुसरं काढायचं. उत्तर आलं की ताळा मात्र दोन्ही समीकरणांत. "एकात जुळणारी उत्तरं ढिगाने मिळतात, बाई."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. भेटायला येणारा प्रत्येक जण "एकदम छान दिसताय" म्हणायचा. मी पुन्हा दर रविवारी जाऊ लागले. अशाच एका दुपारी मामांनी मला थांबवून घेतलं. "हे सगळे खोटं बोलतात. डोकं चालतंय की नाही, ते तू सांग." डाव्या हाताने त्यांनी वहीत लिहिलं: २क्ष + ३य = १६, २क्ष – य = ८. वजाबाकी करताना खालच्या 'य'चं चिन्ह बदलायला ते विसरले. आयुष्यभर ज्या चुकीवर लाल रेघ मारली, तीच चूक. क्ष दोन, य चार. पहिल्या समीकरणात जुळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे, मामा."

त्यांनी सावकाश दुसऱ्या समीकरणात किंमती घातल्या. चारातून चार गेले, शून्य. हवे होते आठ.

"तूसुद्धा?" म्हणाले, आणि वही मिटली.

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि तशीच घरी आले. पुढचे दोन रविवार कामाचं कारण सांगून गेले नाही. तिसऱ्या रविवारच्या आत ते गेले.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपल्यावर मामीने ती वही माझ्या हातात दिली. पानापानावर तीच दोन समीकरणं, प्रत्येक खेपेला ओळी जास्त वाकड्या. खाली दोन्ही ताळे. दुसरा एकदाही जुळलेला नाही, आणि तिथे त्यांच्याच हाताने लाल रेघ.

"रोज बसायचे," मामी म्हणाली. "रविवारी सकाळीच शर्ट बदलायला लावायचे. म्हणायचे, ती आली की विचारतो, कुठे चुकतंय."