विमानवाल्यांची गाडी

माझ्या मुलाने गाडी जर्मनीतल्या आउटोबान हमरस्त्यावरून कडेच्या पार्किंगमध्ये घेतली, उभी केली, रिव्हर्स गिअर टाकला, किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि मान टाकली.

मी म्हटलं, "काय रे?" हात धरून हलवला, तर ओला आणि गार लागला.

मला जर्मन येत नाही. त्याचा फोन मला उघडता येईना. पलीकडे एक ट्रक उभा होता, ट्रकवाला थर्मासमधून कॉफी ओतत होता. मी जाऊन त्याचं दार बडवलं आणि आमच्या गाडीकडे हात केला. तो धावला. त्याने मुलाला ओढून जमिनीवर घेतलं, छाती दाबत राहिला, फोनवर ओरडत राहिला. ॲम्ब्युलन्स लवकर आली. या देशात ती लवकरच येते. उपयोग झाला नाही. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

पोलिसाने किल्लीसाठी हात पुढे केला. मी मूठ उघडली नाही. त्याने जबरदस्ती केली नाही.

इथे प्रेत लगेच मिळत नाही. आधी कागद, मग जाळण्याची तारीख. तोवर घरात बसून राहायचं. न्युरेम्बर्गमधली आपली चार माणसं आली, त्यांनी बुद्धवंदना घेतली, डबे ठेवले आणि गेली. ती गेल्यावर सून माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, तो काही बोलला का? माझ्यासाठी? पोरीसाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं. तुझं नाव घेतलं असं सांगितलं असतं, तर तिने ते जन्मभर जपलं असतं. पण त्याने जे म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी घालायला मी तयार नव्हते.

"गाडीबद्दल बोलत होता," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्या सवतीबद्दल." ती हसली, आणि मग तिला रडू आवरेना.

सवत हे नाव तिनेच ठेवलेलं. मुलगा पुण्याहून पहिल्यांदा परदेशी गेला तो स्वीडनला, तिथल्या एका मोटार कंपनीत. कंपनी बुडाली आणि तो जर्मनीत आला. दुसरी नोकरी मिळाल्यावर पहिली वस्तू घेतली ती त्याच कंपनीची जुनी गाडी. सून म्हणाली होती, "जिने तुला घरी बसवलं तिलाच घरी आणलंस?" मीही म्हटलं होतं, "आपण बौद्ध माणसं, आपल्यात सुतक नाही, आणि तू एका कंपनीचं पाळतोयस." तो नुसता हसायचा आणि बॉनेट उघडायचा.

"काय सांगत होता ते सांगा ना," सून म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

मी चौथी शिकलेली. पण ही गोष्ट त्याने मला इतक्यांदा सांगितली होती की पाठ होती. कारखाना बंद झाल्यापासून त्या गाडीचे भाग शोधावे लागत. एका म्हाताऱ्या जर्मनाच्या गॅरेजमध्ये जुने भाग असत, तिकडेच त्या सकाळी आम्ही निघालो होतो. मला बरोबर न्यायचा, कारण घरात दुसरं कोणी ऐकून घेत नव्हतं. मीही जायचे, कारण त्या गाडीची सीट खालून तापायची आणि माझ्या कमरेला बरं वाटायचं.

मी सुनेला सांगितलं ते असं.

"ती विमानं बनवणारी माणसं होती, आई," तो म्हणाला. "लढाई संपली. विमानांना गिऱ्हाईक उरेना. मग म्हणाले, मोटार करू. बहुतेकांना मोटार चालवतासुद्धा येत नव्हती."

"मग केली कशी?"

"विमानासारखीच. पंख तेवढे काढले."

"पहिल्या गाड्या सगळ्या हिरव्या," तो म्हणाला. "विमानांचा रंग उरला होता म्हणे." मी म्हटलं, "तुझा बापही उरलेल्या रंगात संडासाचं दार रंगवायचा." त्यावर तो खूप हसला. ते शेवटचं हसणं.

मग ते हरीण. तिकडे स्वीडनमध्ये घोड्यापेक्षा उंच हरीण रस्त्यात येतं. गाडी त्याच्या पायांना लागते आणि धड काचेवर कोसळतं. ते धड अंगावर आलं तरी आतला माणूस वाचावा, असं त्यांनी गाडीचं टप केलं. किल्ली स्टिअरिंगपाशी ठेवली नाही, धडकेत गुडघ्यात घुसेल म्हणून. ती दोन सीटच्या मध्ये, गिअरजवळ. आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय ती निघतच नाही, म्हणजे उभी गाडी उतारावरून पळायला नको.

"माणसाला काय काय होऊ शकतं ते सगळं त्यांनी आधीच धरलं होतं, आई," तो म्हणाला.

पुढे अमेरिकेतली मोठी कंपनी मालक झाली. ती म्हणाली, आमचाच सांगाडा घ्या आणि वर तुमचं नाव लावा. हे ऐकेनात. दिलेली गाडी खोलायची आणि आपल्या मनासारखी पुन्हा करायची. खर्च वाढत गेला...

"इथे तो थांबला," मी सुनेला म्हटलं. "छाती चोळली. 'आई, जरा थांबू,' म्हणाला. एवढंच."

चहा दोघींचाही गार झाला होता.

"पुढचं मला माहीत आहे," सून म्हणाली. "मी तिथेच होते ना." आणि तिने सांगितलं. अमेरिकेच्या लोकांनी कंपनी हॉलंडच्या एका लहानशा कंपनीला विकली. मग चीनचे लोक घेणार, अशा बातम्या. पगार रखडला, गाड्या बनायच्या थांबल्या, तरी हा रोज सकाळी डबा घेऊन जायचा. नाताळ तोंडावर असताना दिवाळं निघालं. तो स्वतःचा कॉफीचा मग घेऊन घरी आला आणि जाकीट न काढता स्वयंपाकघरात बसला. "मी म्हटलं, दुसरी नोकरी मिळेल. तो म्हणाला, मिळेल. मी वळून भाजी फोडणीला टाकली."

नात दारात उभी होती. तिला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती काहीतरी बोलली.

"गाडी कुठे आहे विचारतेय," सून म्हणाली.

गाडी तिथेच पार्किंगमध्ये होती. गिअर अडकलेला, किल्ली माझ्याकडे. ती मी सुनेला दिली. गॅरेजवाला म्हातारा स्वतः ट्रक घेऊन गेला आणि गाडी उचलून घरापाशी घेऊन आला. बरेच महिने ती खालीच उभी होती. सुनेला ती चालवायची नव्हती, आणि विकत घ्यायलाही कोणी येईना. शेवटी तिने म्हाताऱ्याला बोलावलं आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना भाग होतील म्हणून देऊन टाकली. तो टोपी हातात घेऊन आला होता.

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा सुनेने पुन्हा विचारलं, "खरंच माझ्याबद्दल काही नाही?"

"नाही."

तिने मान हलवली. परत कधी विचारलं नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

आम्ही आत आलो. त्या सकाळी गाडीत दोघं होतो, तो आणि मी. त्यातली मी जगले.