गोंडाणे सर आणि बारा फुटांचा रॅम्प

गोंडाणे सर गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. संचालकसाहेबांनी लिहिलं होतं, 'संस्थेचा आधारस्तंभ कोसळला', आणि खाली फुलांचं चित्र. रडू नंतर आलं. आधी किळस आली... दोन महिने होत आले, तरी ती गेलेली नाही.

लाखनीच्या पुढं हायवेला लागून आमचं खासगी तंत्रनिकेतन आहे. मी तिथं गणित शिकवते. सर स्थापत्य शिकवायचे. आसगावचा माणूस, धानाच्या बांधीत वाढलेला, पुस्तकातल्या आकृत्यांवर भरवसा कमी. पोरांना घेऊन बसथांब्यावर जायचे. पावसाचं पाणी नेमकं बसणाऱ्याच्या मानेवर का पडतं, ते छपराची मापं घेऊन शोधायला लावायचे, आणि मग म्हणायचे, आता तुमचं छप्पर कागदावर काढून दाखवा. अहो सर, अभ्यासक्रम कधी संपवणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुस्तकातला पूल पडतच नाई मॅडम. मंग पोरं शिकतीन कुठून?"

त्यांचं आवडतं उदाहरण मात्र दारातच होतं. इमारतीचं जोतं तीन फूट उंच. तपासणी समिती येणार म्हणून घाईघाईनं रॅम्प बांधलेला. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आमचा अख्खा रॅम्पच बारा फुटांचा, कारण पुढं पोर्चमध्ये साहेबांची गाडी. समितीनं 'रॅम्प आहे' अशी खूण केली आणि जेवून गेली. सर दरवर्षी नव्या पोरांना तिथं उभं करायचे, शर्टाच्या खिशातली काचेची गोटी वर ठेवून सोडायचे. गोटी सुसाट जाऊन गाडीच्या चाकाला लागायची.

"काहून पळाली?"

"उतार जास्त झाला, सर."

"काहून झाला?"

"जागा नव्हती."

"जागा हाये ना बे. तिथं गाडी उभी हाये."

मग साखरेच्या आजारानं सरांचा पाय गेला आणि ते चाकांच्या खुर्चीत आले. पहिल्या दिवशी पोरांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं, तेव्हाचा त्यांचा चेहरा... दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा खाली पोर्चमध्येच मांडायला लावला. "मले पोत्यावानी उचलू नका. आपल्या हातानं चाक फिरवत चढीन, तवाच वर्गात येईन." पोरांनी नकाशा काढला: गाडी पलीकडे झाडाखाली, रॅम्प भिंतीलगत वळवलेला, हवी तेवढी लांबी. मी तो घेऊन साहेबांकडे गेले. "पोरं उचलतात ना सरांना? मग अडचण काय आहे?" हे त्यांचं उत्तर. नकाशा मात्र आवडला. काचेत मढवून केबिनमध्ये लावला, पुढच्या समितीला दाखवायला, की बघा, आमची मुलं प्रत्यक्ष प्रश्नांवर काम करतात. ती फ्रेम पाहिली की आजही शिसारी येते मला. सर शेवटपर्यंत खालीच शिकवत राहिले, ट्रकांच्या भोंग्यांत, साहेबांच्या गाडीचा धूर खात.

शोकसभा वर हॉलमध्ये झाली. सरांचा फोटो शिपायानं काखोटीला मारून वर नेला. साहेबांनी भाषणात जाहीर केलं, रॅम्पला ग्रॅनाइट बसवून सरांचं नाव देऊ. दिलंही. उतार तोच, लांबी तीच, वर नुसती चकाकी. लाज नावाची गोष्ट या माणसांनी कुठं गहाण टाकली आहे, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात फीत कापली. सरांच्या पत्नीला बोलावलं होतं. वहिनींनी मला बाजूला घेऊन मूठ उघडली. "ताई, ह्यायच्या खिशात होती. तुम्हीच ठेवा."

टाळ्या चालू होत्या. मी वर गेले, गुळगुळीत ग्रॅनाइटवर गोटी ठेवली आणि बोट काढलं. ती पूर्वीपेक्षा जोरात गेली आणि चाकाच्या पत्र्यावर टणकन आपटली. टाळ्या थांबल्या.

"काहून पळाली?" मी विचारलं.

एका पोरीनं आधी बोट दाखवलं, मग बाकीच्यांनी... गाडीकडं. साहेब गाडीलाच टेकून उभे होते.