लोकल हाय

नोटेची किळस म्हणजे काय असते, ते टोलनाक्याच्या खिडकीत बसलेल्या बाईला विचारावं. ट्रकवाले नोट काढत ती बनियनच्या आतून, घामानं भिजून गोळा झालेली. कुणी दातांत धरलेली नोट तशीच पुढं करी, तिच्यावर गुटख्याची लाल ओल. मोटारवाले जरा नाजूक. ते नोट दोन बोटांत धरून काचेच्या फटीतून लोंबत ठेवायचे आणि माझा हात पोचायच्या आत सोडून द्यायचे. ती उडाली की खाली उतरून मीच शोधायची. सुट्टे नसले की नाक्यावरच्या पेपरमिंटच्या गोळ्या द्यायच्या आणि बदल्यात आईबहिणीवरून शिव्या घ्यायच्या. घरी येऊन कोपरापर्यंत साबण लावला तरी जेवताना बोटांना तो वास यायचाच.

त्यामुळं पुलावर रोख पैसे बंद होणार, सगळं काचेवरच्या टॅगनं होणार, असं मॅनेजरनं सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते. म्हटलं, सुटले बाई.

मी मूळची घाटावरची. वडील तारापूरच्या एका कारखान्यात लागले म्हणून आम्ही तिथल्याच पाम गावात भाड्याच्या खोलीत आलो, आणि पुढं लग्न करून मी जवळच्या दांडी गावात मच्छीमाराच्या घरात गेले. खाडीवरच्या पुलाच्या नाक्यावर नोकरी लागली ती लग्नानंतर. नाक्यावरचे लोक मला चिडवायचे, "दांडीची बाई आणि नोकरी कसली, तर दांडी वरखाली करायची." मलाही ते ऐकून हसू यायचं. तेव्हा यायचं.

माझी सासू त्याच पुलावरून रोज सकाळी मासळी घेऊन पलीकडच्या शहरात जायची. बरोबर शेजारच्या तिघी. टेम्पो माझ्या चुलतदिराचा. बोईसरच्या बाजाराला या बायका फिरकत नसत, कारण तिथं गावोगावच्या कोळणी बसतात आणि भाव पडतो. पलीकडं मोठ्या वसाहती, ठरलेली गिऱ्हाइकं, पापलेटाला हात लावून घासाघीस न करणारी. नवरा गेल्यावर सासूनं दोन पोरं या एका बाजारावर वाढवली, त्यातला धाकटा माझा नवरा; तो दुसऱ्याच्या बोटीवर जातो, मिळकतीचा भरवसा नाही. पण सगळा हिशेब टोल माफ असण्यावर उभा होता. दिरानं स्वच्छ सांगितलेलं होतं, "काकी, टोल बसला ना, तं मला नाय परवडाचा. मी दुसरं भाडं बघीन." म्हणजे टोल लागला की टेम्पो बंद, आणि टेम्पो बंद की सासूचा बाजार बंद.

माफीचा कागद कुणी पाहिलेला नव्हता. पूल बांधताना आसपासच्या गावांना टोल नाही असं ठरलं होतं म्हणे. माफी चालायची ती एका शब्दावर. गाडी खिडकीशी आली की आतून आवाज यायचा, "लोकल हाय." लोकल म्हणजे रेल्वेची लोकल नव्हे, इथलाच माणूस. मी विचारायची, गाव कुठलं? उत्तर कानाला पटलं की दांडा वर. बाहेरचे लोकही तो शब्द शिकले होते, पण ते "लोकल है" म्हणायचे आणि गाव विचारलं की रागवायचे. सासू तर माझ्याच खिडकीशी येऊन, मला ओळखत नसल्यासारखं तोंड करून ओरडायची, "लोकल हाय गो! उघड!" चौघी मागं खो खो हसत. एवढी एकच गाडी दिवसभरात मला आवडायची.

रोख बंद व्हायच्या दिवशी रांगोळी, मांडव, नारळ सगळं झालं. नारळ नव्या यंत्राच्या लोखंडी पायावर फोडला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीला टॅगच नव्हता, तेव्हा त्यांच्यासाठी दांडा हातानं वर केला आणि त्यांनी आम्हाला अर्धा तास टॅगचे फायदे सांगितले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. भाषण ऐकताना मला जांभया येत होत्या. शिसारी दुसऱ्या दिवसापासून यायला लागली. आम्हा बायकांना खिडक्यांतून उठवलं, अंगात नारिंगी जाकीट चढवलं आणि गाड्यांच्या मधे उन्हात उभं केलं. ज्याचा टॅग वाचला जात नाही त्याच्या काचेवर हातातलं यंत्र धरायचं. साबणानं धुवायची ती घाण आता नाकात, घशात, डोळ्यांत बसायला लागली. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय?

टॅग आला तरी लोकलची माफी राहणार होती, पण आता तिच्यासाठी पास काढायचा होता. मला वाटलं दिरानं काढला असेल. दिराला वाटलं, वहिनी नाक्यावर आहे, तिनं आत सांगितलं असेल. असं एकमेकांवर विसंबून आमच्यात निम्मी कामं होतात आणि निम्मी राहतात.

पहिल्या सकाळी टेम्पो आला. मी बाजूच्या लेनमध्ये होते. सासूनं मागून कमरेपर्यंत बाहेर वाकून खांबावरच्या यंत्राकडं बघत आरोळी ठोकली, "लोकल हाय!" यंत्र टुंई करून वाजलं, हिरवा दिवा लागला, दांडा वर. चौघींनी टाळ्या पिटल्या. संध्याकाळी घरी येऊन सासू मला म्हणाली, "तुज्यापेक्षा मशीन बरा हाय गो. गाव पण नाय इचारत."

मग ते रोजचंच झालं. टेम्पो यायचा, ओरडा व्हायचा, दांडा वर जायचा. दांडीत ही बातमी अशी पसरली की यंत्राला मोठ्यानं "लोकल हाय" सांगितलं की ते ऐकतं. आणखी दोघातिघांनी ओरडून पाहिलं. त्यांचा दांडा काही उघडला नाही, तेव्हा सासूनं निकाल दिला, "त्यांचा आवाज नाय पोचत." मी पोट धरून हसले. पण मनाशी म्हटलं, दिरानं काढला बाई पास. चौकशी करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

खरी गोष्ट अशी होती. टेम्पो वापीहून घेतलेला जुना. आमच्याकडं निम्मे टेम्पो तिकडूनच येतात, स्वस्त पडतात, आणि नावावर करायचं आज-उद्या करत राहून जातं. नंबर गुजरातचा, कागद वापीच्या शेटच्या नावाचे, आणि काचेवर त्याच शेटचा टॅग चिकटलेला. तो कुणी खरवडला नव्हता. दिराला तो गाडीबरोबर आलेला गणपतीच्या चित्रासारखा वाटला. दांडा सासूच्या आवाजानं उघडत नव्हता, वापीच्या शेटच्या खात्यानं उघडत होता.

शेटच्या ध्यानात आलं आणि त्यानं टॅग बंद केला.

त्या सकाळी उकाडा मरणाचा होता. टेम्पो लेनमध्ये शिरला, सासू ओरडली, दिवा लाल. ती परत ओरडली. लालच. मग चौघी मिळून ओरडल्या, "लोकल हाय रे! लोकल हाय!" यंत्र नुसतं टुंक टुंक करत राहिलं. मागं रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. बर्फाचं पाणी टेम्पोच्या फळीतून गळून रस्त्यावर धार लागली, तिला मासळीचा वास. तो वास मागच्या गाड्यांत गेला असावा, कारण काचा भराभर वर गेल्या. एकीनं नाकाला ओढणी लावली. एका गोऱ्यागोमट्या माणसानं काच बोटभर खाली करून मला सांगितलं, "हटाओ यार इन लोगों को, उलटी आ रही है।" संध्याकाळी हाच माणूस मसाला लावलेली सुरमई खाणार आणि काटे ताटाच्या कडेला रचणार. मला त्याच्याच काचेवर उलटी करावीशी वाटली.

मी पळत गेले. यंत्रावर नंबर काळ्या यादीत दिसत होता. मॅनेजर आला; त्याच्या खिशात हात चोळायच्या जंतुनाशकाची बाटली कायम असे. तो टेम्पोला हात न लावता म्हणाला, "टॅग बंद. रोख द्यायचे तर दुप्पट."

"साहेब, लोकल आहेत. माझी सासू आहे," मी म्हटलं.

"गाडी तर गुजरातची आहे," तो म्हणाला आणि हात चोळत निघून गेला.

मी दिराकडून कागद घेऊन त्यावरच्या नंबरला फोन लावला. वापीचा शेट बिचारा भला होता. म्हणाला, "बेन, रोज मेरा पैसा कटता था। मैंने वो पुल देखा भी नहीं। मैं तो बैंक में जाके झगड़ा करके आया।" मी माफी मागितली. मागून हॉर्न एवढे की त्याला ती ऐकू तरी गेली का, कोण जाणे. चौघींनी कनवटीला होतं नव्हतं ते काढून दुप्पट टोल भरला. रोख बंद म्हणून नाचणारा नाका, पण गरिबाची रोख, तीही दुप्पट, त्याला चालते! बाजारात पोचेपर्यंत ठरलेली गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडून मासळी घेऊन गेली होती. बोंबील पाणी सुटून मऊ पडले होते. सासूनं ते जवळजवळ फुकट वाटले आणि येताना टोल परत भरला.

दुसऱ्या दिवशी मी सासूला घेऊन पुलाशेजारच्या पासच्या कचेरीत गेले. दीर आला नाही. टेम्पो इकडच्या नावावर करायचा तर परराज्याचा दाखला, कर, विमा, शेटच्या सह्या, आणि एवढ्या पैशांत दुसरा टेम्पो येईल असं त्याचं म्हणणं. आमच्या पुढं एक साहेब होता. पुलाच्या अलीकडं नव्या इमारतीत त्यानं नुकताच फ्लॅट घेतला होता, रविवारचा येऊन राहायचा. त्यानं कागद सरकवले, कारकुनानं ठप्पा मारला, साहेब लोकल झाला. त्याला दांडी कुठं आहे ते विचारलं असतं तर दांडी मारणे एवढंच आठवलं असतं.

सासूची पाळी आली. ती न सांगता काचेला तोंड लावून म्हणाली, "लोकल हाय."

कारकून उत्तरेकडचा होता, आवाजानं गरीब. कागद बघून म्हणाला, "माताजी, गाड़ी लोकल नहीं है।"

"गाडी नसंल. मी हाय ना?"

"टोल गाड़ी का लगता है, आपका नहीं लगता।"

सासूचा चेहरा उजळला. तिनं माझ्याकडं पाहिलं, जणू एवढं सोपं होतं आणि आम्ही उगीच घाबरलो. "मंग झाला तं! गाडी अल्याड ठेवतो. पाटी डोक्यावर घेतो नि पूल चालत जातो आमी. त्याचा तं टोल नाय ना?"

कारकुनानं मान हलवली. "पुल पे पैदल चलना मना है, माताजी।"

ती काचेला धरून तशीच उभी राहिली. मागचा माणूस खाकरला. "मंग आमी लोकल कशान जावाचा?" तिनं विचारलं. कारकुनानं कागद काचेखालून परत सरकवले आणि खरं सांगते, त्याच्यावर मला राग आला नाही. राग यायला समोर कुणी असावं लागतं. तिथं एक काच होती, एक ठप्पा होता आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र, त्यांच्या गाडीला टॅग. मला त्या चित्राची, त्या ठप्प्याची, अंगातल्या नारिंगी जाकिटाची इतकी शिसारी आली की बाहेर येऊन मी खाडीत थुंकले. सासू ओरडली, "खाडीत थुकू नको गो!"

दिरानं तारापूरच्या एका कारखान्याचे पिंप वाहायचं भाडं धरलं. त्याला दोष देत नाही, त्यालाही पोरं आहेत. सासू आठवडाभर बोईसरला जाऊन बसली. तिथं ज्या त्या बाईची जागा पिढीजात ठरलेली. हिला मिळाली ती गटाराची कड, जिथं माश्या मासळीवर आधी बसतात आणि गिऱ्हाईक नंतर. एका बाईनं हिची पाटी पायानं सरकवून विचारलं, "तू कुठली गो?" हे तिनं मला सांगितलं नाही, बरोबरच्या बाईनं सांगितलं. त्यानंतर ती बाजाराला गेली नाही.

मी नोकरी सोडते म्हणाले. त्या पुलाच्या तोंडावर उभं राहायचं आता होत नाही, म्हणाले. ती बोंबील वाळत घालत होती, वर न बघता म्हणाली, "नि खावाचा काय?"

आता घर माझ्या पगारावर चालतं. जिला उभ्या आयुष्यात कुणी घड्याळ बघून कामाला लावलं नव्हतं, ती सकाळी लवकर उठून माझा डबा भरते, जाकीट घडी करून हातात देते आणि दारात उभी राहून रोज बजावते, "लवकर जा गो. उशीर झाला तं तुजा पन पैसा कापतील."