बोटीचे मालक

पालघरच्या कचेरीबाहेर एक टायपिस्ट बसायचा, आमच्यासारखाच कोळी. अमेरिकेतल्या कॉलेजांकडे शिष्यवृत्तीसाठी केलेले माझे अर्ज तोच टाईप करायचा. प्रत्येक ओळीआधी बोटं कडाकडा मोडायचा. माझे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. या पठ्ठ्याने टाईप केलं, 'बोटीचे मालक'! कॉलेजचं उत्तर आलं: स्वतःची बोट असणाऱ्यांसाठी ही मदत नाही.

मी पत्र त्याच्यापुढे आपटलं. तो शांतपणे रिबन गुंडाळत म्हणाला, "पोरी, तुज्या बापाला परदेशात खलाशी म्हनून कसा धाडू? हात नाय चालला माजा."

त्याच्या नावाने बोटं मोडतच मी घरी आले. जपून ठेवलेली अर्जाची नक्कल बाहेर काढली. टपालात टाकण्याआधी मीच त्यातल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. 'मालक' तेवढं तसंच ठेवलं होतं.