स्टोअरबाबांचा राखीव साठा

बस डेपोच्या स्टोअरमध्ये तेहेतीस वर्षं नटबोल्ट वाटले, म्हणून सगळी गल्ली त्यांना स्टोअरबाबा म्हणे. वाटले म्हणायचं आपलं. जुना झिजलेला नट टेबलावर आल्याशिवाय नवा त्यांच्या हातून सुटत नसे. एका ड्रायव्हरनं तर विचारलं होतं, "बाबा, मला नवा दात बसवायचाय. पडलेला आणून दाखवू का?" बाबा म्हणाले होते, "आण."

तर अशा माणसाला रक्तदाबाची गोळी लागली. दर महिन्याला सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीशी रांग लावायची, तीस गोळ्या मोजून घ्यायच्या, चिठ्ठी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवायची. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. आणि एके दिवशी खिडकीतल्या औषधवाल्या बाईंनी तीनऐवजी नऊ पाकिटं पुढे सरकवली.

"नव्वद आहेत. आता तीन महिन्यांनी या. कायमच्या गोळ्या योजनेतून एकदम द्यायच्या, असा नवा नियम आलाय."

"मी मागितल्या नव्हत्या."

"माहितीये, बाबा. चला, पुढचे कोण?"

बाबांच्या मनात पाल चुकचुकली, आणि घरी पोचेपर्यंत तिची घोरपड झाली. न मागता ढिगानं माल कधी सुटतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? एक तर तो भंगारात निघणार असतो, नाहीतर पुढे यायचा बंद होणार असतो. त्यांनी भिंग लावून तारखा वाचल्या. मुदत दोन वर्षं पुढची. म्हणजे दुसरंच खरं.

"खिडकी बंद करणारेत," ते बायकोला म्हणाले.

"अहो, म्हाताऱ्यांच्या खेपा वाचाव्यात म्हणून दिल्यात."

"आपल्या खेपांची काळजी कोण करतंय? तू भोळी आहेस."

"आहेच. म्हणून तर तुम्हाला होकार दिला."

बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते गुपचूप ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे पाडू लागले. अर्धी आज, अर्धी उद्या. तीन महिन्यांचा माल सहा महिने पुरवायचा. पाकिटं शिलाई मशीनच्या खणात गेली, वर चिठ्ठी चिकटली: 'राखीव'.

दोन महिन्यांत मान जड झाली, कानात गुणगुण सुरू झाली. बाबांनी त्याचाही संशय गोळ्यांवरच घेतला. माल हलका दिसतोय. मग एका सकाळी बूट घालायला वाकले, ते भिंत धरूनच उठले. बायकोनं खण उपसला, पाकिटं पिशवीत कोंबली आणि त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. रक्तदाबाचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळून तो पुन्हा एकदा मोजला. मग त्यांनी औषधवाल्या बाईंना हाक मारली. बाईंनी येऊन पाकिटं मोजली.

"नव्वद दिल्या. साठ दिवस झाले. उरायला हव्यात तीस. इथे साठ आहेत, बाबा."

"बचत केली."

"पाच वर्षं तुमच्या स्टोअरच्या गोष्टी ऐकतेय मी. तपासणीत तीस नग जास्त निघाले असते, तर काय म्हणाला असता?"

उत्तर बाबांना पाठ होतं. माल कमी निघाला तर चोरी; जास्त निघाला तर कुणाच्या तरी गाडीला तो बसलाच नाही. प्रत्येक नव्या कारकुनाला त्यांनी हेच ऐकवलं होतं.

"म्हणजे ती गाडी मीच," ते हळूच म्हणाले.

"आणि दोन महिने ब्रेकशिवाय पळत होती," बायको म्हणाली.

आता अख्खी गोळी, रोज सकाळी, बायकोच्या देखत. खिडकीवर मात्र बाबांचा अजून भरवसा नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ते फिरत फिरत तिथवर जातात. बाई आतून हात करतात. बाबा हात करत नाहीत. मान उंचावून त्यांच्या मागच्या कपाटात माल किती आहे, ते बघून घेतात.