अण्णांच्या नावाचा फिल्टर

फिल्टर उघडला की महादेवी अक्का आधी त्याला नाक लावायच्या. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात तीन फुटी काचेची मासेपेटी होती. तिच्या खालच्या कपाटात बादलीएवढा, घट्ट झाकणाचा कॅनिस्टर फिल्टर बसवला होता; एका नळीनं पेटीतलं पाणी त्यात उतरायचं आणि दुसरीनं स्वच्छ होऊन परत वर जायचं. अक्का डोळे मिटून वास घेत आणि निकाल देत, "मातीचा वास आला म्हंजे बरं हाय. कुजका आला की समजायचं, आत मरण हाय." आतल्या तपकिरी गाळाला कुणी घाण म्हटलं की त्यांचा पारा चढे. "घाण न्हाय ती, वस्ती हाय. माशाची घाण खाणारी बारीक जीवं ऱ्हात्यात त्यात. नळाखाली धरलं की क्लोरिननं सगळी मरत्यात. पेटीतलंच पाणी काढायचं, त्यात स्पंज पिळायचा, तेबी निम्माच."

मी तिथं लेखनिक, अक्का सेविका. अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. चिडायला त्यांना फारसं काही लागत नसे. मला त्या 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. हुद्द्यानं मी त्यांच्या वरचा होतो, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही आणि मलाही ते बरंच वाटायचं.

फिल्टर आमच्या अध्यक्षांनी भेट दिला होता. त्यांना दुकानातला सगळ्यात मोठा हवा होता. निवडायला मात्र शुक्रवार पेठेतल्या दुकानात अक्का आणि मी गेलो. दुकानदारानं तासाला दोन हजार लिटर पाणी फिरवणारा पुढं केला. अक्का म्हणाल्या, "आमची पेटी बारा घागरीची. तासाला पाच-सहा वेळा पाणी फिरलं तर बास की. ह्यानं मासे पवायचे का काचेला चिकटायचे?" मग त्यानं बाराशेचा काढला. अक्कांनी खोक्यावरचा आकडा बोटानं दाबला. "हे रिकाम्याचं झालं. स्पंज न् खडे भरल्यावर किती ऱ्हातंय, ते सांग." दुकानदारानं आपल्या वहीत पाहिलं. मी नुसता पिशवी धरायला होतो.

फिल्टरवर अध्यक्षांनी पांढऱ्या रंगात आपल्या वडिलांचं नाव रंगवून घेतलं. 'लिं. शिवलिंगप्पा अण्णा यांच्या स्मरणार्थ.' लिं. म्हणजे लिंगैक्य, आम्हा लिंगायतांत कैलासवासीऐवजी तसं लिहितात. काही महिन्यांनी ते पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा नाव वाचायला सगळ्यांना गुडघ्यांत वाकावं लागलं. कपाटाशेजारीच मुलांच्या चपला.

"माझ्या वडिलांचं नाव चपलांपाशी?" अध्यक्ष म्हणाले. "फिल्टर वर घ्या. टेबलावर."

"सायेब, ह्यो खालीच पायजे," अक्का हात पुसत आल्या. "पाणी आपसूक खाली उतरतंय, मोटर निस्तं परत वर ढकलतीय. वर ठिवला तर पाणीच यायचं न्हाय. हवा गिळंल आन् बंद पडंल."

"ते काही नाही. नाव दिसायला पाहिजे."

"मग नाव काचंवर लिवा, भिताडावर लिवा. मी कुटं नको म्हणतीय? मोटरीला काय वाचता येतंय व्हय?"

पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. तेव्हा तो विषय तिथंच राहिला.

पुढं भाचीच्या लग्नासाठी अक्कांनी दोन दिवस रजा घेतली. पहिल्याच सकाळी अध्यक्षांचा मला फोन आला. आज पाहुणे येणार, फिल्टर वर घ्या. मी 'हो साहेब' म्हटलं. त्यांनी मला धमकी दिली असती, नोकरीची भीती घातली असती, तर आज सांगायला काहीतरी असतं. त्यांनी नुसतं सांगितलं आणि मी नुसतं केलं. फिल्टर टेबलावर ठेवला, तो थोडा वेळ गुडगुडला, मग कोरडा घरघरायला लागला. आवाजाचा त्रास नको म्हणून मी बटण बंद केलं. पाहुणे आले, अण्णांच्या नावासमोर उभं राहून फोटो निघाला. त्यानंतर फिल्टर दोन दिवस तसाच बंद राहिला.

तिसऱ्या दिवशी अक्का यायच्या तासभर आधी मी तो गुपचूप कपाटात ठेवून चालू केला. छान चालला. मी खूश. खरं तर अक्कांनी मला दहादा बजावलं होतं, "बंद पडला तर तसाच चालू करायचा न्हाय, तम्मा. पाणी थांबलं की आतली जीवं गुदमरत्यात, आत इख तयार होतंय. आदी उघडायचा, वास घ्यायचा, धुवायचा." ते मला आठवलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. साफ खोटं आहे. मला चांगलं आठवत होतं. पण उघडला असता तर फरशीवर पाणी सांडलं असतं, वास सुटला असता आणि अक्कांना कळलं असतं.

दुपारी सातही गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते. आमच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी, म्हणून अक्का माशांसाठी एक पिंप वेगळं भरून ठेवत. ते वापरून त्यांनी पेटीतलं अर्धं पाणी बदललं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या आत शेवटचा मासा उलटा झाला. मासेच होते, असं म्हणणारे मला नंतर पुष्कळ भेटले. त्यांचा मला संताप येतो, कारण तेच वाक्य त्या दुपारी मीही मनात घोळवत होतो.

अक्कांनी फिल्टर उघडला आणि नाक लावलं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता कन्नड सुरू होणार. त्या अगदी सावकाश मराठीत बोलल्या.

"सायबाला समजत न्हवतं. तुमाला सांगितलं हुतं मी."

तुमाला. त्यानंतर मी तम्मा राहिलो नाही.

आठवड्यानं समितीची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "सेविकेच्या निष्काळजीपणामुळे मासे दगावले. लिहून घ्या." मी लिहिलं. मग अक्कांना आत बोलावलं आणि खाली सही करायला सांगितलं. त्यांनी आधी वाचायला घेतलं, शब्दाखाली बोट धरून, एकेक. 'निष्काळजीपणा' या शब्दाशी बोट थांबलं. त्यांनी मान वर केली. अध्यक्षांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. त्या बघत होत्या तेवढा वेळ माझ्याकडं होता. मी पेनाचं टोपण लावत बसलो. मला बोलायला चार शब्द लागले असते.

अक्कांनी सही केली.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. गेल्या वर्षी गावाकडं त्या वारल्याचं कानावर आलं. तिकडं जायची माझी छाती झाली नाही.

अध्यक्षांवर मी वर्षानुवर्षं चिडून पाहिलं. ते सोपं पडतं. पण तो राग फार टिकत नाही. समितीची सभा अजूनही दर तीन महिन्यांनी भरते. पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचतो मीच. वाचून झालं की 'काही दुरुस्ती?' असं विचारायचं कामही माझंच. त्या सभेनंतरच्या सभेतही मी ते सगळं स्वच्छ आवाजात वाचलं आणि विचारलं, काही दुरुस्ती? मी खाली लिहिलं, सर्वानुमते कायम.